दोन पाडव्यांचं वर्ष

पुणे, १८ जानेवारी १९६४

ती. अक्का,

तुला आणि अण्णांना नमस्कार. तिळगूळ मिळाला. वाटेत वड्यांचा भुगा झाला होता, तरी खोलीतल्या चौघांनी कागद चाटून साफ केला.

तू विचारलंस, वर्षभर पुण्यात बसून मी करतो तरी काय. सांगतो. ऐहोळेला एका टेकडीवर जुनं देऊळ आहे. त्याच्या भिंतीत एक लेख कोरलाय आणि देऊळ झालं ते वर्ष त्यात दोन तऱ्हांनी दिलंय. भारतीय युद्धाला तीन हजार सातशे पस्तीस वर्षं झाली, आणि शकराजांची पाचशे छप्पन्न. मी त्या एका वर्षावर निबंध लिहितोय. तेच वर्ष विक्रमाच्या हिशेबात सहाशे एक्याण्णव, मुसलमानी सनात तेरा, उत्तरेत हर्षाचं अठ्ठाविसावं, चीनमध्ये तिथल्या बादशहाच्या गादीचं आठवं. इंग्रजी सनात सहाशे चौतीस किंवा पस्तीस. त्या 'किंवा'पाशी माझं घोडं अडलंय. प्रत्येकाचं वर्ष वेगळ्या दिवशी सुरू होतं, त्यामुळे एकावर एक ठेवली की काठाला काठ लागत नाही.

२५ मार्चला निबंध वाचायचा आहे. भगवंतराव सर म्हणाले, वाचन नीट झालं तर जागा कायमची.

आणि गंमत बघ, यंदा आपल्याच पंचांगात घोळ आहे. हिवाळ्यात एक महिना गळाला आणि आता चैत्र दोनदा येणार. म्हणजे पाडवेही दोन, एक १५ मार्चला, एक १३ एप्रिलला. खरा कुठला यावर इथले शास्त्रीलोक हमरीतुमरीवर आलेत.

अण्णांची तब्येत कशी आहे? मागच्या पत्रात तू त्यांच्याविषयी एक ओळसुद्धा लिहिली नव्हतीस.

तुझा प्राणेश

॥ श्री ॥
बळेपेट, बेंगळूर. माघ शुद्ध, शनिवार

चि. प्राणेश,

पत्र पोचलं. मी चौथी शिकलेली, तीही कन्नड शाळेत. अक्षर वाकडं आलं तर मान वाकडी करून वाच. शेजारच्या चंपाकडून लिहून घेतलं असतं, पण तिच्या कानात गेलेलं सकाळपर्यंत कॉटनपेटला पोचतं.

एका वर्षाला एवढी नावं? माणसानं एवढी नावं घेतली तर पोलीस धरतील. आणि त्यासाठी चीनला कशाला जायचं रे, आपल्या गल्लीत ये. कोपऱ्यावरच्या मारवाड्याचं वर्ष दिवाळीला. समोरच्या मुदलियारांचं चित्तिरै महिन्यात. मागच्या रंगारी साहेबांचं मोहरमला. व्हाइटफील्डचा बँडमास्तर एक जानेवारीला केक आणून देतो. भांडण कोणाचंच नाही. फक्त प्रत्येकाला कोट आपल्या सणाच्या आदल्या दिवशी हवा असतो, आणि दुकान एकच आहे.

दोन पाडव्यांचं भटजींनीही सांगितलं. मी म्हटलं, पुरणपोळी एकदाच होईल. देवाला दोनदा हवी असेल तर डाळ त्यानं पाठवावी. आपल्या घरात मागे असा चैत्र आला होता तेव्हा सासूबाईंनी गुढी पहिल्यालाच उभारली होती. तेच चालायचं.

तुझे आजोबा बरे आहेत. स्वल्प धाप लागते. पाय सुजतात म्हणून मशीन आपला कारागीर उमाजी चालवतो, हे बसल्या जागी कापून देतात. पलंग पुढच्या खोलीत आणलाय. रस्ता दिसतो, वेळ जातो. दुसरं काही नाही.

तुझ्यासाठी कोट कापलाय. काळी सर्ज, अस्तर तपकिरी. वाचनाच्या दिवशी घालायचा म्हणतात. माप त्यांच्याकडे आहे ते तू पुण्याला गेलास तेव्हाचं. मी म्हटलं, अंदाजानं पुरा करा आणि पार्सल करा. तर माझ्याकडे असं बघितलं, जशी मी देवळात चपला घालून शिरले. म्हणाले, "अंगावर चढवल्याशिवाय बटणाचं काज पाडायचं नाही. शिवण उसवता येते. काज एकदा पाडलं की पाडलं." लग्न झाल्यापासून ऐकतेय. पाडतात ते, पण त्याच्या कडा सुईनं भरून भरून बोटं माझी गेली.

जेवत जा. पुण्याचे लोक वाटीनं भात मोजतात असं ऐकलंय.

तुझी आजी
कृष्णवेणी

पुणे, ४ फेब्रुवारी १९६४

ती. अक्का,

धाप लागते, पाय सुजतात, पलंग पुढच्या खोलीत, आणि वर 'दुसरं काही नाही'? डॉक्टरांना दाखवलंस का? मी यायला हवं असेल तर तसं स्पष्ट लिही. दीड दिवसाची तर गाडी आहे. आई-बाबा गेल्यापासून मला तुम्ही दोघंच. माझ्यापासून काही लपवू नकोस.

इकडे काम जोरात आहे. त्या दगडावरची वर्षं सरलेली मोजायची की चालू, यावर सगळा वाद आहे. पाचशे छप्पन्न सरली असं धरलं तर देऊळ एका वर्षातलं, पाचशे छप्पन्नावं चालू आहे असं धरलं तर त्याच्या आधीच्या. भगवंतराव सर रोज नवीन शंका काढतात. मार्चच्या मध्यापर्यंत कच्चा मजकूर त्यांना द्यायचाय. पण तू लिहिलंस तर मी येईन. कामाचं बघता येईल.

अण्णांना सांग, मी पूर्वीसारखाच काटकुळा आहे. माप बदललेलं नाही.

प्राणेश

॥ श्री ॥
बळेपेट. महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

चि. प्राणेश,

डॉक्टर येऊन गेला. छातीला नळी लावली, सुई टोचली, मीठ बंद केलं. हेब्बाळच्या तळ्याकडे नेऊन हवा द्या म्हणाला. मी म्हटलं, हवा काय फक्त हेब्बाळलाच मिळते? हसला. वयाच्या मानानं ठीक आहे म्हणाला.

मीठ बंद झाल्यापासून घरात रोज युद्ध. काल म्हणाले, "ही आमटी आहे की धुण्याचं पाणी?" मी म्हटलं, "धुण्याच्या पाण्यात निदान साबण असतो." मग जेवले.

तू आत्ता धावत येऊ नकोस. इथे येऊन काय करणार, पाय चेपणार? ते उमाजी करतो. तुझं काम अर्धं टाकून आलास आणि जागा गेली, तर जन्मभर मला ऐकवशील. ऐकवलं नाहीस तरी मला ऐकू येईल. या दुकानात तीन पिढ्यांची पाठ वाकली. चौथी नको.

कोटाच्या बाह्या लागल्या. आता नुसती ट्रायल राहिली. हे म्हणतात, त्याला पाडव्याला बोलव. तेव्हा पाडव्याला ये.

तुझी आजी
कृष्णवेणी

पुणे, १९ फेब्रुवारी १९६४

ती. अक्का,

पत्र वाचून जिवात जीव आला. वयाच्या मानानं ठीक, तर मग काळजी नाही. अण्णांना मीठ चोरून देऊ नकोस.

पाडव्याला येतो. अण्णांना तसं सांग.

निबंधाची दोन प्रकरणं सरांना पसंत पडली. आता चीनचं तेवढं राहिलंय. घाईत आहे, म्हणून एवढंच.

प्राणेश

॥ श्री ॥
बळेपेट. पाडवा, पहिला. रविवार

चि. प्राणेश,

आज पाडवा झाला. गुढी उमाजीनं बांधली. मुदलियारांची बाई विचारून गेली, तुमचं वर्ष आज कसं, भटजी तर पुढच्या महिन्यात म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे शिल्लक होतं, आजच काढलं.

तुझे आजोबा पहाटेच उठले. उमाजीकडून दाढी करून घेतली, धुतलेलं धोतर नेसले, दारात खुर्ची टाकायला लावली. कोट मांडीवर, टाचण्यांची डबी खुर्चीच्या हातावर, खडू कानाला. मी म्हटलं, आत बसा, ऊन येतंय. "गाडी उशिरा असेल," म्हणाले. दुपारी म्हणाले, "हुबळीला इंजिनात पाणी भरतात, तिथे वेळ जातो." चार वाजता उमाजीला स्टेशनवर पाठवलं. तो परत आला तो सावकाश चालत आला, त्यावरून कळलं.

पुरणपोळी अर्धी खाल्ली. तुझ्यासाठी चार बाजूला ठेवल्या होत्या, त्या चंपाच्या घरी दिल्या.

तू म्हणशील, मी दुसऱ्या पाडव्याला येणार होतो. सरी, ठीक आहे. मी काही कुठला ते लिहिलं नव्हतं.

रागावून लिहीत नाही. झालं ते कळवते.

कृष्णवेणी

पुणे, १९ मार्च १९६४

ती. अक्का,

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. मी एप्रिलचाच पाडवा धरला होता गं. इथे बहुतेकांचं मत दुसऱ्याकडे आहे, त्यामुळे आपल्याकडेही तोच असेल असं गृहीत धरलं. अण्णा दारात बसले असतील हे डोक्यातच आलं नाही. त्यांची माझ्या वतीनं माफी माग.

बुधवारी वाचन. गुरुवारी रात्रीची गाडी पकडतो. तेरा एप्रिलची वाट बघत नाही. कोट अण्णांच्या हातानं अंगावर चढवून घेतो आणि मग काजं पाडू देत हवी तेवढी. एवढ्या आठ-नऊ दिवसांनी काय होतंय.

त्यांना वाचून दाखव हे.

प्राणेश

बळेपेट, २४ मार्च १९६४

प्राणेश यास,

आज मंगळवारी पहाटे हे गेले. त्रास झाला नाही. अग्नी उमाजीनं दिला. तुझं शुक्रवारी-शनिवारी येणं झालं तर पुढचं तू कर. कार्ड घरात ठेवू नकोस. वाचून फाड, आंघोळ कर.

कृष्णवेणी

पुणे, ८ एप्रिल १९६४

ती. अक्का,

काल रात्री पोचलो. तिथे असताना तुझ्याशी बोलायचं होतं, पण रोज कोणी ना कोणी आलेलं असायचं आणि तू सारखी चुलीपाशी. खरं सांगायचं तर घर रिकामं असायचं तेव्हाही मला जमलं नाही. कोट खुंटीला होता. तू मला तो घालायला सांगितला नाहीस आणि मी मागितला नाही. नऊ-दहा दिवस आपण दोघं त्याच्यासमोरून ये-जा करत होतो.

मला जागा मिळाली. आज कागद हातात आला. वाचनाला सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा तुझं कार्ड वाटेत होतं. उसना कोट घातला होता मी. छान बसला होता.

अक्का, मी तुला खोटं लिहिलं. गृहीत वगैरे काही धरलं नव्हतं. आपल्या घरची गुढी पहिल्या पाडव्याला असते हे तूच मला माघात लिहिलं होतंस. कोट वाचनासाठी होता, म्हणजे ट्रायल वाचनाच्या आधीच हवी, हे पोरालाही कळेल. मी तुझं पत्र हातात घेऊन बसलो होतो. पंधरा मार्चला पोचायचं तर चार दिवस जाणार, मजकूर अर्धा राहणार, सर नाराज होणार. मग मला दिसलं, की तू नुसतं 'पाडवा' लिहिलंयस. केवढं हलकं वाटलं मला! मीही नुसतं 'पाडवा' लिहिलं. वर्षभर मी हेच शिकलो ना. माणूस दगडावर एक वर्ष सांगून जातो आणि आपण त्यात आपल्या सोयीचं वाचतो.

एक विचारायचं आहे. दोन, खरं तर.

अण्णा गेले ते दोन पाडव्यांच्या मधे. पहिला धरला तर ते नव्या वर्षात गेले, दुसरा धरला तर जुन्यात. फोटोखाली वर्ष लिहून घेणार आहे, कुठलं लिहू?

आणि तार का केली नाहीस? तार आली असती तर मी मंगळवारीच निघालो असतो. मुखाग्नी नाही, पण राख थंड व्हायच्या आत पोचलो असतो.

प्राणेश

॥ श्री ॥
बळेपेट. पाडवा, दुसरा. सोमवार

चि. प्राणेश,

आज तू यायचा दिवस. सगळीकडे गुढ्या आहेत. आपल्याकडे सुतक सरलं तरी यंदा नाही. मुदलियारांचंही वर्ष आलंच आहे, त्यांची बाई दारातूनच वाटी ठेवून गेली.

जागा मिळाली हे चांगलं झालं. पेढे वाटले नाहीत, मनात वाटले.

तू खोटं लिहिलंस म्हणतोस. लिहिलंस. ते मला त्याच दिवशी कळलं होतं. ह्यांना वाचून दाखवलं तेव्हा ह्यांनाही कळलं असणार, पण म्हणाले काय ते ऐक: "शिकलेला आहे. त्याला दोन्ही पाडवे दिसतात. आपल्याला एकच दिसतो." आणि टाचण्यांची डबी बंद केली. हे मी तुला लिहिणार नव्हते. पण तू आपलं एकट्याचं ओझं करून बसशील आणि ते खोटं होईल, म्हणून माझंही ऐक.

शिवरात्रीला डॉक्टर आला तेव्हा वयाच्या मानानं ठीक वगैरे काही म्हणाला नाही. मला बाहेर ओसरीवर घेऊन म्हणाला, "अम्मा, मुलगा बाहेरगावी असेल तर बोलवून घ्या." मी आत आले. ह्यांनी माझं तोंड बघितलं. थोड्या वेळानं म्हणाले, "प्राणेशला पाडव्याला बोलव. पहिल्या." पहिल्या, असं म्हणाले ते. दोनदा म्हणाले. मी लिहायला बसले आणि तेवढा शब्द लिहिला नाही. शाई संपली नव्हती. मनात म्हटलं, निघायचं तर निघेल, नाहीतर महिनाभर काम करील. तुझ्यावर सोडलं. पोराच्या गळ्यात बांधायचं आणि आपण हात पुसायचे, असं ते सोडणं होतं. पुरतं वाईट व्हायचीही हिंमत झाली नाही मला.

आणि तू पत्रात विचारत होतास, लपवू नकोस म्हणून. आमटीची गोष्ट लिहिली मी तुला. आमटीची!

तारेचं. तार ऑफिस हाकेवर आहे. उमाजी चप्पल घालून उभा होता, "अक्का, तार करून येतो." मी म्हटलं, कार्ड टाक. तो तसाच उभा राहिला. मी पुन्हा म्हटलं, कार्ड. त्या दिवशी मंगळवार होता आणि बुधवारी तुझं वाचन. नवरा ओसरीवर ठेवलेला आणि मी पोस्टाचे दिवस मोजत होते. तेव्हापासून उमाजी माझ्याशी कामापुरतं बोलतो. बरोबर करतो.

तू रागावलास तर रागाव. माफ करतो म्हणून लिहू नकोस, मला ते वाचायचं नाही. तू माझ्याकडे मागितलीस तर माझ्याजवळही द्यायला नाही. दोघांचं दोघांपाशी राहू दे.

आता वर्षाचं. भटजीला विचारू नकोस, तो दोन दक्षिणा घेईल. त्या दगडावरच्या लोकांना तू विचारू शकत नाहीस, ते गेले. यांच्या वेळी मी तिथे होते. पहिल्या पाडव्याला या माणसानं दाढी केली, धुतलेलं धोतर नेसलं, दारात खुर्ची टाकली, आणि वर्ष सुरू केलं. यंदाच्या संवत्सराचं नाव क्रोधी आहे. तेच लिही. पुन्हा कोणाच्या सोयीसाठी त्यांचा पाडवा महिनाभर पुढे ढकलायचा नाही.

कोट पार्सल करते आहे. काजं मी पाडली. आज सकाळी, त्यांच्याच कात्रीनं. ट्रायल द्यायला कोणी नव्हतं, म्हणून कोट त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर चढवला आणि अंदाजानं खुणा केल्या. उमाजी म्हणाला, "अक्का, मालक असं कधी करत नव्हते." मी म्हटलं, "माहीत आहे." मग कडा भरत बसले. तिसरं काज थोडं वाकडं आहे.

तू इथे होतास तेव्हा पाहिलं मी तुला. खांदे रुंद झालेत तुझे. माप बदललं नाही म्हणून लिहिलं होतंस. म्हणजे कोट खांद्यात ओढणार, आणि बटणं लावलीस की पोटावर सुरकुती पडणार. पुण्यात चांगले शिंपी असतील. त्यांच्याकडे नेऊ नकोस. उसवू नकोस. जिथे ओढेल तिथे ओढू दे.

मीही मीठ सोडलंय. डॉक्टरानं सांगितलं नाही, आपलं असंच.

तुझी आजी
कृष्णवेणी